पृथ्वी फुटली तरी चंद्र हातचा जात नाही

फिरत असलेला दावा थोडक्यात असा : पृथ्वी अचानक नष्ट झाली, तर गोफणीतून सुटलेल्या गुंड्यासारखा चंद्र सूर्यमालेबाहेर भिरकावला जाईल, नाहीतर मंगळाला धडकेल किंवा सूर्यात पडेल, त्यातून वाचलाच तर पृथ्वीचे तुकडे त्याचा चक्काचूर करतील, आणि तेही टळलं तर तो कायमच्या अंधारात गोठून जाईल. सोबतच्या चित्रात चंद्राची वाट सूर्याभोवती स्प्रिंगसारखी वेटोळी घेत गेलेली आहे. गडबडीचं मूळ त्या चित्रातच आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

सूर्य ते पृथ्वी हे अंतर १ मीटर धरलं, तर पृथ्वी ते चंद्र हे अंतर २.६ मिलिमीटर भरतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते; चंद्राचा पृथ्वीभोवतीचा वेग जेमतेम १ किलोमीटर. तिशीने पुढे जाणाऱ्याला एकच्या वेगाने मागे वळून वेटोळं घालता येत नाही. दोन मीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्याची रेघ वर्षभरात बारा-तेरा वेळा अडीच मिलिमीटर आत-बाहेर न्या. ही झाली चंद्राची खरी वाट. हात किंचित थरथरला असं वाटेल, इतकंच.

त्याहून नवलाची गोष्ट ओढीची. पृथ्वीच्या ओढीने चंद्राचा वेग दर सेकंदाला जेवढा बदलतो, म्हणजे त्याचं त्वरण, ते सेकंदाला २.७ मिलिमीटर; सूर्याच्या ओढीने येणारं ५.९. म्हणजे सूर्य चंद्राला पृथ्वीच्या दुपटीहून जास्त जोराने ओढतो. अमावास्येला पृथ्वी त्याला सूर्याच्या बरोबर उलट बाजूला ओढत असते, तरी बाकी सूर्याच्याच पारड्यात उरते. म्हणून चंद्राची वाट कधीही सूर्यापासून बाहेरच्या बाजूला वळत नाही. तो मुळात सूर्याभोवती फिरतो. पृथ्वी त्या वाटेला थोडा बाक देते.

आता गोफण. उपमा अर्धी बरोबर आहे. दोरी तुटली की गुंडा स्पर्शरेषेत जातो, पण ही गोफण फिरवणारा माणूस स्वतःच भरधाव गाडीत उभा आहे. सुटलेल्या चंद्राकडे पृथ्वीचा ३० चा वेग राहतोच. त्यात १ मिळवायचा की वजा करायचा, हे तिथीवर ठरतं. पृथ्वी पौर्णिमेला नाहीशी झाली, तर दोन्ही वेग एका दिशेला : ३०.८. सूर्यापासून कायमचं सुटायला या अंतरावर ४२.१ लागतात. तेव्हा सूर्यमालेबाहेर जायचा प्रश्नच मिटला. चंद्र थोड्या लांबट कक्षेत जाईल : सूर्याजवळचं टोक १५ कोटी किलोमीटर, लांबचं सुमारे १७.३ कोटी, एक फेरी साधारण ४१० दिवसांची. अमावास्येला गेली, तर वेग २८.८ : जवळचं टोक सुमारे १३ कोटी, फेरी ३३० दिवसांच्या आतबाहेर. अष्टमीला, शुक्ल असो वा कृष्ण, वर्ष जवळपास आताइतकंच. फक्त कक्षा तीन-साडेतीन टक्के आत-बाहेर झुकते. (पृथ्वीची कक्षाही अचूक वर्तुळ नाही, त्यामुळे महिन्यानुसार हे आकडे थोडे हलतील.)

मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असतो तेव्हाही २०.७ कोटी किलोमीटरवर, शुक्र १०.९ कोटींच्या बाहेर येत नाही. चंद्राची नवी वाट दोघांच्या मधोमध, कोणालाही न छेदता. लाखो-कोट्यवधी वर्षांत इतर ग्रहांच्या ओढीने ती सरकत राहील, ते वेगळं. आणि सूर्यात पडणं सूर्यमालेबाहेर जाण्याहून अवघड आहे. या अंतरावरून सूर्याला नुसतं घासून जायचं, तरी आडवा वेग ३ च्या खाली यावा लागतो. ३० पैकी २७ किलोमीटर कोणीतरी काढून घ्यायला हवेत, आणि पृथ्वीकडे चंद्राला देण्या-घेण्यासारखा फक्त एकच होता.

हे सगळं पृथ्वी जादूने अदृश्य झाली असं धरून. दाव्यात ‘नष्ट’ म्हणजे काय हेच सांगितलेलं नाही, आणि खरी मेख तिथे आहे. चंद्राला पृथ्वीच्या आकाराशी घेणं-देणं नाही, वस्तुमान कुठे आहे याच्याशी आहे. अख्खी पृथ्वी दाबून ९ मिलिमीटर त्रिज्येचं कृष्णविवर केलं, तरी चंद्र होता तिथेच फिरत राहील. काही वस्तुमान एकाएकी उडून गेलं तर? पाठ्यपुस्तकी नियम सांगतो की निम्म्याहून जास्त गेलं की कक्षा तुटते. पण तो नियम सूर्याला विसरतो. ४० टक्के गेलं, तर कक्षेचं लांबचं टोक १९ लाख किलोमीटरवर पोचतं आणि उरलेल्या पृथ्वीची पकड साडेबारा लाखांच्या आसपासच संपते. तिथे सूर्य त्याला अलगद काढून घेतो.

आता स्फोट. पृथ्वीचा कण न् कण एकमेकांपासून कायमचा सुटायला सुमारे २.५ × १०^३२ जूल लागतात. सूर्याचा सगळा प्रकाश साडेसात दिवस साठवला तर एवढी ऊर्जा जमेल. समजा ती मिळाली आणि माल सगळ्या दिशांना सारखा, सेकंदाला २० किलोमीटरने निघाला. चंद्रापर्यंत यायला त्याला पाच तास वीस मिनिटं लागतील. तोवर चंद्राच्या कक्षेत काडीचा फरक पडत नाही, कारण फुगणारा गोल ढग बाहेरच्या वस्तूला केंद्रातल्या ठिपक्यासारखाच ओढतो. ढग चंद्राला ओलांडून गेला की मगच पकड सुटते.

चंद्राच्या वाट्याला किती येईल? पृथ्वीवरून दिसणारं त्याचं बिंब सगळ्या आकाशाच्या दहा लाखांत पाच भाग व्यापतं, तेव्हा मालही तेवढाच : ३ × १०^१९ किलो. समोरच्या अर्ध्या भागावर तो सगळा नीट पसरला असता, तर अर्धा किलोमीटर जाडीचा थर झाला असता. पसरणार नाही; चंद्रावरून निसटायला २.४ किलोमीटरचा वेग पुरतो, त्यामुळे २० ने आदळलेल्यातलं बरंच, चंद्राचा खडक सोबत घेऊन, उलट उडेल. ती बाजू वितळून निघेल, ओळखीचे डाग पुसले जातील. पण चक्काचूर? आदळण्याची एकूण ऊर्जा चंद्र फोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या विसाव्या हिश्श्याएवढी. धक्क्याने चंद्राच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला ८ मीटरचा. उलट उडालेल्या मालामुळे तो काही पट धरा, तरी १ किलोमीटरपुढे किरकोळ.

जी भीती दाखवायला हवी होती, ती दाव्यात नाहीच. हळू सुटलेले तुकडे सूर्याभोवती फिरत राहतात, आणि जिथून सुटले त्या जागी प्रत्येक फेरीत परत येतात. चंद्राची नवी कक्षाही त्याच जागेजवळून जाते. फेऱ्यांचे काळ वेगळे, म्हणून गाठ रोज पडणार नाही. पण पडत राहील.

गोठण्याबद्दल फार लिहायला नको. चंद्राला ऊब सूर्याची, पृथ्वीची नव्हे. विषुववृत्तावर भर दुपारी आज १२० अंशांच्या आसपास तापमान असतं; नव्या कक्षांच्या टोकांना ते ९० ते १४५ अंशांच्या दरम्यान राहील. स्वतःभोवतीची २७.३ दिवसांची गिरकी थांबायला काही कारण नाही, त्यामुळे तिथला दिवस-रात्रीचा फेरा आता २९.५ दिवसांचा आहे तो २९.३ ते २९.८ च्या दरम्यान पडेल. ग्रहणं संपतील, आणि पृथ्वीच्या प्रकाशात उजळणाऱ्या समोरच्या बाजूच्या रात्री काळ्याकुट्ट होतील.

फरक पडेल तो चंद्राच्या पोटात. अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या कंपमापकांनी १९७७ पर्यंत तिथे सातशे किलोमीटरहून खोल होणारे बारीक चंद्रकंप टिपले, साधारण २७ दिवसांच्या तालावर येणारे. तो ताल पृथ्वीच्या भरती-ओहोटीच्या ताणाचा, म्हणजे चंद्राच्या जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी बसणाऱ्या तिच्या ओढीचा. सूर्याचा तसा ताण त्याच्या पावणेदोनशेव्या हिश्श्याएवढाही नाही.