‘दुर्लक्ष करा’ म्हणजे नेमकं कुणाकडे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ओरडणाऱ्या कॉकटेलवरच्या (म्हणजे कॉकाटील, हा तुरेवाला छोटा पोपट) लेखाखाली आपण जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. आपलं म्हणणं थोडक्यात असं: “पक्षी घाबरून ओरडतोय आणि तुम्ही सांगता, दुर्लक्ष करा. रडणाऱ्या तान्ह्याला खोलीत कोंडण्यातलाच हा प्रकार. तुम्हाला पक्षी नको, शोभेची वस्तू हवी आहे. वर काळं कापड काय, वजनकाटा काय! आमच्या आजोळचा मिठू डाळ-मिरचीवर पंचवीस वर्षं जगला.”

मतभेद असावेत, त्याला ना नाही. पण शोभेची वस्तू? १६ वर्षं रोज सकाळी पिंजऱ्याचा ट्रे खरवडणाऱ्याला हे ऐकवायचं, तर निदान लेख शेवटपर्यंत वाचायचा. चौथ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय की दुर्लक्ष किंकाळीकडे करायचं, पक्ष्याकडे नाही. ठळक अक्षरांत फक्त ‘दुर्लक्ष करा’ एवढंच होतं, हे खरं. पण ठळक तेवढंच वाचून मत बनवायचं असेल, तर मी बारीक अक्षरांत लिहायचं तरी कशाला?

तान्ह्या बाळाची उपमा आपणच आणलीत, तर तीच धरून बोलू. कॉकटेल हा ऑस्ट्रेलियातला, थव्यानं राहणारा पक्षी. जोडीदार दिसेनासा झाला की तो हाक देतो आणि कुठून तरी ‘इथे आहे’ असं उत्तर येतं. आपण खोलीबाहेर गेलो की घरातला पक्षी हेच करतो. ही पहिली हाक एक-दोन सुरांची शीळ असते, किंकाळी नसते. तिला उत्तर द्यायचंच. एकच शीळ किंवा एकच शब्द ठरवायचा, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा आणि जिथे असाल तिथूनच लगेच द्यायचा. उठून जायची गरज नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. मिक्सर आणि टीव्हीच्या गोंगाटात शीळ कुणाच्या कानावर पडत नाही, मग आवाज चढतो, आणि तो चढला की कुणीतरी धावत येऊन “काय झालं रे बाळा” म्हणतं, नाहीतर “गप्प बस!” म्हणून खेकसतं. पक्ष्याच्या हिशेबी दोन्ही उत्तरंच. खेकसणं तर त्याला जास्तच आवडतं, कारण ती त्याच्याच पट्टीतली साथ झाली.

आता ते बदनाम दुर्लक्ष. किंकाळी चालू असताना खोलीत शिरायचं नाही, बोलायचं नाही, वळून बघायचंही नाही. ३ ते ५ सेकंद शांतता मिळाली, किंवा मधेच एखादी साधी शीळ आली, की तत्काळ जायचं आणि राळ्याच्या कणसाचा नखाएवढा तुकडा द्यायचा. आज ५ सेकंदांची शांतता, ती जमली की १०, मग २०. सुरुवातीचे काही दिवस ओरडणं कमी होत नाही, वाढतं. आजवर चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली, तर तो आधी तीच जोरात करून बघणार. इथेच लोक घसरतात. ४० मिनिटं दम धरतात, शेजारच्यांनी बेल वाजवली की पिंजऱ्याकडे धावतात. पक्षी शिकतो की ४० मिनिटं ओरडलं की काम होतं, आणि पुढच्या वेळी तेवढं ओरडायची त्याची तयारी असते. त्यामुळे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि हे झेपणार नसेल तर सुरूच करू नका. शिवाय पहाटे आणि तिन्हीसांजेला १०-२० मिनिटांचा कलकलाट होणारच. तो मोडायला जाऊ नये.

खरोखर भेदरलेला पक्षी निराळा दिसतो. तुरा सरळ उभा, पिसं अंगाला घट्ट चिकटून सगळा पक्षी सडपातळ, नजर एकाच जागी. किंवा तुरा मागे चपटा आणि तोंडानं फुत्कार. त्या वेळी दुर्लक्ष नाही, कारण शोधायचं: खिडकीबाहेर बसलेला कावळा, घिरट्या घालणारी घार, फिरत्या पंख्याची सावली, पिंजऱ्याजवळ कालच ठेवलेली नवी वस्तू. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, उंची साधारण आपल्या डोळ्यांइतकी. चारी बाजूंनी उघडा पिंजरा म्हणजे चारी दिशांना पहारा. हे आपण शांतपणे विचारलं असतंत तर आभार मानून लेखात घातलं असतं. आपण विचारलं नाहीत, शेरा मारलात.

आणि आपण घराबाहेर पडलो की ओरडणाऱ्याला एकटेपणाची सवय टप्प्याटप्प्यानं लावावी लागते. दारापर्यंत जाऊन परत, मग १० सेकंद बाहेर, मग ३०, मग १ मिनिट. दर वेळी तो ओरडायच्या आत परतायचं. ओरडल्यावर परतलात तर मघाचाच धडा. निघताना निरोपाचा सोहळा नको. साध्या कोऱ्या कागदाच्या पुड्यांत चार-चार दाणे बांधून त्या पिंजऱ्यात अडकवाव्यात, म्हणजे चोचीला तासभर उद्योग. आरसा असेल तर काढून टाकावा; आरशातला पक्षी हाकेला उत्तर देत नाही, आणि आपला त्याच्यासाठी झुरत राहतो.

एक चूक कबूल. रात्री पिंजरा झाकायला ‘जाड काळं कापड’ असं लिहायला नको होतं. कापड सुती, हवा खेळेल असं हवं आणि पुढची बाजू वीतभर उघडी. कॉकटेल मिट्ट अंधारात दचकून गजांवर आपटतात, पंखांची पिसं तुटून रक्त येतं, म्हणून खोलीत झिरोचा बल्बही हवा. हे सगळं रात्रीच्या १० ते १२ तासांच्या झोपेसाठी. दिवसा तोंड बंद करायला कापड टाका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. शोधून दाखवा.

वजनकाट्यावर हसायचं तर खुशाल हसा. कॉकटेलचं वजन ८० ते १२० ग्रॅम. त्यातले १० ग्रॅम गेले तर माणसाच्या मानानं ६-७ किलो गेले, आणि पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून काटा. बसल्या जागी शेपटी श्वासागणिक वरखाली होत असेल तर काटाही बाजूला ठेवून आधी पक्ष्यांचा डॉक्टर.

राहिला आजोळचा मिठू. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे त्याचा दाखला इथे नकोच. पंचवीस वर्षं जगला, आनंद आहे. ओरडायचा की नाही, ते मात्र आपण लिहिलेलं नाही.

कापडाचं वाक्य आज लेखात दुरुस्त केलं आहे.