तुम्ही कोणाचे पालक?

मॅच बघायला गेलो आणि माझ्या बुडाखालची खुर्ची काढून नेली. आमच्या भागातला फुटबॉल क्लब, त्यांचा लीगचा सामना, मी सकाळी रिकामा, एवढीच पार्श्वभूमी. हेच क्लबवाले वर्षभर जो भेटेल त्याला रडून सांगतात की लोकं येत नाहीत हो, नुसतं टीव्हीवर बघतात, पाठिंबाच नाही. म्हटलं चला, आज आपण लोकं होऊ.

गेटवर एक काका. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही. (ती शिट्टी त्यांनी शेवटपर्यंत वाजवली नाही, कशासाठी घातली होती देव जाणे.)

"कोणाचे पालक?"

"कोणाचा नाही. मॅच बघायला आलोय."

लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला की बघतात ना, तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे आणि मग वहीकडे. वहीत पट्टीने आखलेले रकाने होते, खेळाडू, पालक, पंच, पाहुणे. नुसता बघायला आलेला माणूस बसेल असा रकानाच नाही.

"मग समोरच्या टीमचे का?"

"नाही हो, तुमच्याच टीमला सपोर्ट करायला आलोय."

"कोणी सांगितलं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? म्हटलं, कोणीच नाही सांगितलं, मनानेच आलोय.

"भाचा, पुतण्या कोणी खेळतो?"

"नाही."

"तुम्ही खेळायचात आधी?"

"नाही."

"जाहिरातीचं काम असेल तर सेक्रेटरींना भेटावं लागेल, ते अकराला येतात."

"काका, मला फक्त बघायचंय."

काका गप्प झाले. पेन कानावर अडकवलं. मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी पेटलं, इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला आणि म्हणाले, "सिलेक्शनचे आहात का, साहेब?"

मी म्हटलं नाही. ते म्हणाले, हो हो, सांगायचं नसतं. मी परत म्हटलं, अहो खरंच नाही. त्यांनी डोळा मारला! पुढच्या मिनिटाला माझ्यासाठी सावलीत खुर्ची आली, पाण्याची बाटली आली आणि काका कानाशी लागून सांगायला लागले की नऊ नंबर बघा, डावा पाय बघा त्याचा, बाकी मी काही बोलत नाही. नऊ नंबर त्यांचा नातू निघाला.

आता खरं सांगायचं तर पहिला हाफ मस्त होता. कळत मात्र काही नव्हतं. स्कोअरबोर्ड नाही, माईक नाही आणि आमच्या टीममध्ये सात नंबर दोन, त्यातल्या एकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून सातचा सतरा केलेला, ती पट्टी पळता पळता सुटून लोंबत होती. शेजारच्या बाईंना विचारलं, किती झाले हो? त्या म्हणाल्या, "माझ्याने अजून नाही केला." बास. गोल कोणी मारले, आपण पुढे का मागे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्या फक्त त्यांचा एक मुलगा बघत होत्या. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ त्यांचा बघत होते. एवढी माणसं मैदानात, पण टीम बघणारा मी एकटा.

आणि इथेच सगळी गोची आहे असं माझं मत. क्लबला वाटतं हे आपले सपोर्टर, पण ते पोराबरोबर आलेत आणि पोराबरोबरच जाणार. पोरगं वयात बसेनासं झालं, दहावीला गेलं किंवा मोठ्या क्लबने उचललं की अख्खं खानदान गायब. दरवर्षी सपोर्टर नवे. जुना कोणी उरतच नाही, मग गेल्या वर्षी याच टीमने आपल्याला कसं धुतलं होतं ही खुन्नस तरी कोणी सांभाळायची?

टीव्हीला शिव्या घालणं सोपंय. इंग्लंडमध्ये तर शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच मॅच लाइव्ह दाखवायला बंदीच आहे, १९६० च्या दशकापासूनची, का तर लोकांनी घरी न बसता छोट्या क्लबांच्या मैदानावर जावं. म्हणजे दुखणं तिथेही आहेच. आणि रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७६ चा अभ्यास आहे, विद्यापीठाची टीम जिंकली की सोमवारी पोरं विद्यापीठाचे कपडे जास्त घालून येतात आणि बोलताना 'आम्ही' जिंकलो म्हणतात. मान्य, जिंकणाऱ्याच्या मागे सगळेच. हजारो मैल लांबच्या क्लबची जर्सी घालून 'आम्ही' म्हणता येत असेल तर दर रविवारी हरणाऱ्यांना कोण आम्ही म्हणेल? पण अहो, मी तर हरणाऱ्यांसाठीच आलो होतो की!

बोलावलं तर लोकं येतात. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताची चायनीज तैपेईशी मॅच झाली, ५-० जिंकले, सुनील छेत्रीची हॅट-ट्रिक, आणि बघायला माणसं २,५६९. छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या घालायच्या तर त्याही स्टेडियममध्ये येऊन घाला म्हणाला. पुढच्या केनियाच्या मॅचची तिकिटं संपली. देशाचा कॅप्टन हात जोडतो, आणि आमचे काका?

तर हाफटाइमला गाडी आली आणि त्यातून खरे पाहुणे उतरले. काका धावत माझ्याकडे. "उठा जरा."

"पण मी बसलोय."

"तुम्ही कोणी नाही असं तुम्हीच म्हणालात ना?"

हे मी गेटवर घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होतो तेव्हा ऐकलं नाही! खुर्ची गेली, अर्धी प्यायलेली बाटलीही गेली. पाहुण्यांनी फोटो काढले आणि दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत ते निघूनही गेले, पण खुर्ची रिकामीच ठेवली, का तर परत आले तर. मी उन्हात उभा. शेवटी किती झाले ते काकांनाच विचारलं. म्हणाले, रिझल्ट ऑफिसात लागेल. ऑफिसला कुलूप.

पुढची मॅच कधी, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. बोर्डावर नुसतं 'सामने सुरू'. काका म्हणाले ग्रुपवर टाकतो, आणि क्लबचा ग्रुप एकच, पालकांचा. घातलं मला त्यात. आता रोज फी, आधार कार्ड आणि शिन गार्डवरून भांडणं वाचतोय, मॅचची वेळ मात्र आदल्या रात्री बाराला येते आणि सकाळी बदलते. काल मेसेज आला, सर्व पालकांनी मुलाची जर्सीची साइज आजच्या आज टाकावी, नाव आणि वयासकट. मी दुर्लक्ष केलं तर काकांचा फोन, साहेब, फक्त तुमचाच राहिलाय. वैतागून एक्सएल टाकलं.

लगेच रिप्लाय आला. अंडर फिफ्टीनला एवढी साइज बसत नाही, पोराला मैदानाला फेऱ्या मारायला लावा.