व्हिसाची फाइल घरातल्या सगळ्यांनी वाचायला हवी

आज एका हळदीकुंकवात दोन पदव्या घेतलेली, न्यू जर्सीत दशकभर राहिलेली एक मैत्रीण अगदी सहज म्हणाली, "व्हिसाचं सगळं हेच बघतात, मला त्यातलं काही कळत नाही." जमलेल्या बहुतेक जणींनी माना डोलावल्या. तिथे वाद घालणे बरे दिसले नसते, पण घरी आल्यापासून मन शांत नाही, म्हणून लिहिते आहे.

मागे माझ्या एका जवळच्या मैत्रिणीच्या घरी जे घडले, ते असेच 'हे बघतात'मधून घडले. भारतातले लग्न आटोपून चौघे परत आले. विमानतळावर आईवडिलांना एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यावर येणाऱ्या बायकामुलांचा व्हिसा) यांच्या पूर्ण मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. नऊ वर्षांच्या लेकीला मात्र तिचा पासपोर्ट संपेपर्यंतचीच मिळाली. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे ही वेळ मुलांवरच जास्त येते. पुढे पासपोर्टचे नूतनीकरण झाले आणि घरच्यांना वाटले, काम झाले. पण नव्या पासपोर्टमुळे आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, तारीख पुढे सरकत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो किंवा मुदतीच्या आत देशाबाहेर जाऊन परत यावे लागते. अमेरिकेत किती दिवस राहता येईल, हे पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर ठरत नाही, आय-९४ वर ठरते. तो कागद सरकारी संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की फुकट मिळतो. 'ॲडमिट अनटिल डेट' ही एक ओळ, आणि ती त्या घरात कोणीही वाचली नव्हती.

वडिलांच्या मुदतवाढीच्या वेळी वकिलाने सर्वांचे आय-९४ मागितले, तेव्हा कळले की लेकीची मुदत केव्हाच संपली आहे. मुदत ओलांडल्यामुळे तिच्या पासपोर्टवरचा, वरवर चालू दिसणारा व्हिसाही रद्द ठरला. शाळा अर्धवट सोडून आई तिला घेऊन मुंबईला गेली आणि नव्या व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या तारखेची वाट पाहत बसली. ते पोर रोज आजीला विचारत होते, "माझंच काय चुकलं?"

हे आठवले की माझा संताप होतो, आणि तो केवळ सरकारवर नाही. कायदा किचकट आहे, हे मान्य. वकिलाशिवाय भागत नाही, हेही मान्य. पण कंपनीने नेमलेला वकील प्रथम कंपनीचे काम पाहतो. नवऱ्याची मुदतवाढ कंपनी भरते. बायकामुलांचा आय-५३९ हा वेगळा अर्ज असतो, आणि तो भरला गेला की नाही, हे घरातल्या माणसानेच विचारायचे असते. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्या दिवसांत मंजूर आय-१४० ची (कंपनीने आपल्या ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जाची) प्रत कुठे आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली 'प्रायॉरिटी डेट' कोणती आहे, हे फक्त नवऱ्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर असेल तर काय उपयोग? तो लॅपटॉप तर पहिल्याच दिवशी परत जातो.

एच-४ वरच्या ज्या बायका कामाचा वेगळा परवाना घेऊन नोकरी करतात, त्यांनी तर हे पाठच करावे: ३० ऑक्टोबर २०२५ पासून त्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. नवे कार्ड हाती येईपर्यंत काम थांबवावे लागू शकते. अर्ज १८० दिवस आधीपर्यंत करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

त्याच जवळच्या मैत्रिणीच्या थोरल्या मुलाविषयी लिहिताना मात्र राग ओसरतो आणि नुसते वाईट वाटते. तो बालवाडीच्या वयात इथे आला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर किराणा दुकानात उन्हाळी कामाला जायचे म्हणाला, तेव्हा त्याला कळले की एच-४ वरच्या मुलाला काम करता येत नाही. मग एकेक प्रश्न निघत गेला आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर आपण कुटुंबाच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून वगळले जाऊ शकतो, हेही त्याला समजले. वडील तोवर 'होईल सगळं, तू अभ्यास कर' एवढेच म्हणत आले होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात) ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटातली भारतीयांची तारीख २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. आपल्या देशात कोणाला किती संख्येने घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाला आहे, एवढे मी कबूल करते. पण इथल्याच शाळेत वाढलेल्या मुलाला वाढदिवसाच्या दिवशी परका ठरवणारा नियम मला कधीच पटणार नाही.

२००२ च्या एका कायद्याने थोडा आधार दिला आहे: आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. वय कोणत्या दिवशी मोजायचे, हे व्हिसा बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी एकावरून ठरते, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांसाठी सरकारने मुलांच्या गैरसोयीचा, म्हणजे ज्यात नंबर उशिरा लागतो तो तक्ता पुन्हा लागू केला. माझी मैत्रीण आता दर महिन्याला ते बुलेटिन स्वतः उघडते आणि मुलाला शेजारी बसवून आकडेमोड करते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागले तर फी किती पडेल, कोणती सरकारी मदत मिळणार नाही, हे दोघे मिळून मांडतात. मुलगा पूर्वीपेक्षा शांत झाला आहे, असे ती सांगते.

माझ्या ओळखीत ज्यांना आपले आय-९४, आय-७९७ (अर्जाच्या मंजुरीची नोटीस) आणि आय-१४० एकदा नीट वाचायचे असतील, त्यांनी शनिवारी दुपारी माझ्याकडे यावे. कायदेशीर सल्ला मी देणार नाही, तो वकिलाकडूनच घ्यावा. पण कोणता कागद कशाचा आहे आणि त्यावरची तारीख कुठे असते, हे मी दाखवीन. येताना घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणा, आणि मूल पंधरा-सोळा वर्षांचे असेल तर त्यालाही सोबत आणा.