सिकॉर्स्कींच्या आधीही हेलिकॉप्टर उडत होतं

‘इगोर सिकॉर्स्की यांनी १९३९ साली जगातलं पहिलं हेलिकॉप्टर उडवलं, आधीची यंत्रं नुसत्या उड्या मारायची, दोन रोटरचं हेलिकॉप्टर तर चिनूकपासून आलं.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. (रोटर म्हणजे हेलिकॉप्टरचा फिरता पंखा; चिनूक हे दोन रोटरचं अमेरिकी हेलिकॉप्टर.) यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी साल. १४ सप्टेंबर १९३९ रोजी सिकॉर्स्कींचं व्हीएस-३०० जमिनीवरून उचललं, हे खरं. पण ते दोरांनी बांधलेलं होतं. मोकळं उड्डाण मे १९४० मध्ये झालं. जर्मनीत हाइनरिख फोके यांचं एफडब्ल्यू-६१ हे हेलिकॉप्टर वैमानिक एवाल्ड रोल्फ्स यांनी २६ जून १९३६ रोजीच मोकळं उडवलं होतं. त्याचे दोन रोटर धडाच्या डाव्या-उजव्या बाजूंना नळ्यांच्या सांगाड्यांवर बसवलेले होते.

‘नुसत्या उड्या’ हे मला सर्वांत खटकतं. मे १९३७ मध्ये रोल्फ्स यांनी इंजिन बंद करून, केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या आधाराने हेच यंत्र सुखरूप उतरवलं. पुढच्याच महिन्यात ते २,४३९ मीटर उंच गेलं आणि १ तास २० मिनिटं हवेत राहिलं. हवेत टिकण्याचा हा विक्रम सिकॉर्स्कींनी मे १९४१ मध्ये मोडला. त्याही आधी, १९३० साली, रोमजवळ चाम्पिनोला कोर्रादिनो दास्कानिओ यांचं एकावर एक रोटर असलेलं यंत्र पावणेनऊ मिनिटं उडालं होतं. (बजाजने परवान्यावर पुण्यात बनवलेली व्हेस्पा मूळची यांचीच!)

आणि चिनूक? ते १९६१ चं. रोटर एका दिशेने फिरला की खालचं धड उलट दिशेने गरगरू पाहतं. दोन रोटर परस्परविरुद्ध फिरवले की तो पीळ फिटतो, म्हणून सुरुवातीच्या अनेकांनी हीच वाट धरली. पुढे-मागे दोन रोटरांचं यंत्र पॉल कोर्नू यांनी फ्रान्समध्ये १९०७ सालीच बांधलं होतं. ते खरंच माणसासकट उचललं का, याबद्दल अभियंत्यांना शंका आहे, म्हणून त्याला मी पहिलं म्हणणार नाही. शेपटीवरच्या छोट्या रोटरने पीळ रोखणारी सुटसुटीत रचना व्यवहारात रुजवली ती मात्र सिकॉर्स्कींनी. ते श्रेय त्यांचंच.

एफडब्ल्यू-६१ चा फोटो दाखवला की ‘नाकावर पंखा आहे, म्हणजे हे ऑटोजायरोच’ असं उत्तर येतं. ऑटोजायरोत वरचा रोटर इंजिनावर नाही, वाऱ्यावर फिरतो आणि यंत्राला पुढे नेतो तो वेगळा पंखा. तो आखूड पंखा यंत्राला पुढे ओढत नव्हता. तो फक्त इंजिन थंड ठेवत होता.