जादूचे नियम पाळायचे कुणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अद्भुतकथेतली जादू कशी रचावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. नियम लावायला सांगून मी जादूचं यंत्र करून टाकतो. ‘आपल्या मातीत शोधा’ हे बोलायला सोपं, पण मराठीत भुताखेतांपलीकडे आहे काय. आणि मंत्रतंत्राच्या गोष्टी लिहून आपण अंधश्रद्धेलाच खतपाणी घालतो.

पहिल्या आक्षेपातलं निम्मं मला मान्य आहे. कोणत्या मंत्राची किती शक्ती, तो किती वेळ टिकतो, असा जो तक्ता मी दिला होता तो काढून टाकतोय. त्यातून जादू समजते, पण तिची भीतीही वाटत नाही आणि ओढही वाटत नाही. नियम मात्र हवेतच, असं मी अजूनही म्हणेन. फक्त ते कुणावर असतात, हे मला तेव्हा नीट मांडता आलं नव्हतं.

माझी आजी दृष्ट काढायची. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची, तोंडाने काहीतरी पुटपुटायची आणि मूठ चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायची. मिरच्या तडतडल्या आणि तरी ठसका लागला नाही, की म्हणायची, “बघ, केवढी लागली होती!” उतरवत असताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दृष्ट म्हणजे नेमकं काय, ती मिरच्यांना कशी कळते, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. पण ओ द्यायची नाही, हे पाच वर्षांच्या मलाही पक्कं ठाऊक होतं. सगळे नियम माणसांनी पाळायचे. दृष्ट होती तशीच गूढ राहिली.

वेताळाच्या गोष्टीतही हेच आहे. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचं. तोंड उघडलं की प्रेत परत झाडावर. आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला, तर डोक्याची शकलं. वेताळ प्रेतात शिरतो कसा, याबद्दल एक ओळ नाही. आपण राजाच्या कोंडीत अडकतो आणि पंचवीस गोष्टी ऐकतो. जादूची बाजू अंधारात ठेवा, माणसाची बाजू लख्ख ठेवा, एवढंच मला म्हणायचं होतं.

आता दुसरा आक्षेप, आणि इथे मी अजिबात मागे हटणार नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या गोष्टीतल्या या राजाचं राज्य कुठे सांगितलंय? गोदावरीकाठी, प्रतिष्ठानात. म्हणजे आपल्या पैठणात. त्याच ग्रंथात गुणाढ्याची गोष्ट आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, ‘मोदकैः’ मारू नका. तिला म्हणायचं होतं ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाला शब्दांची ही संधी सोडवता आली नाही, त्याने मोदक मागवले. राणी हसली आणि राजा शरमेने अंथरुणाला खिळला. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडेन, अशी गुणाढ्याने पैज लावली आणि तो हरला. मग मुका होऊन विंध्याच्या रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते झिडकारले. तेव्हा तो एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरं चरायची थांबली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे शिकारीचं मांस सुकं येऊ लागलं, त्याने राजा आजारी पडला, आणि त्याचा माग काढत माणसं त्या आगीपर्यंत पोचली. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

व्याकरणातल्या एका चुकलेल्या संधीपासून जळत्या ग्रंथापर्यंत! जनावरांना गोष्ट का कळते, याचा खुलासा तिथेही नाही. पण गुणाढ्याने काय गमावलं, ते पैन् पै सांगितलं आहे. तीन भाषा सोडलेला माणूस बाजारात मीठ कसं मागत असेल? तुमची कादंबरी मला तिथे सापडेल.

आणि जग उभारायचं म्हणाल, तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. गुजरातमधल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, त्याच्या पूर्वेला आणखी १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणहून रंगीत दगड आणि तगरहून कापड, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराला जायचं. त्या २० दिवसांत बैल कुठे पाणी पितात, रात्री पहारा कोण देतं, गाडीवान कोणत्या वळणावर नारळ फोडतो, एवढं ठरवलं तरी नकाशा आपोआप भरत जातो. बर्फातले किल्ले आपल्याला पुस्तकांतून ठाऊक आहेत. बैलाच्या मानेवरचा जोखडाचा घट्टा आपण पाहिलेला असतो.

अंधश्रद्धेचा प्रश्न मीही हलका मानत नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता. भोंदूची जादू कायम दुसऱ्याच्या जिवावर चालते: कुणाचं तरी लेकरू, कुणाची तरी जमीन, कुणा विधवेची अब्रू. म्हणून माझ्या कथांमध्ये मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. मंत्र म्हणणाऱ्यानेच त्याची किंमत भरायची, आणि दुसऱ्याला भरायला लावली तर कथेने त्याला ‘थोर’ म्हणायचं नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची स्वतःची कथा तिसऱ्या प्रकरणात अडली आहे. नायिकेला मेलेल्यांशी बोलता येतं, मग ती पहिल्याच दिवशी आईला खुनी कोण ते का विचारत नाही, हे जुळत नाही. मंत्र दुबळा करू नका. प्रत्येक बोलण्यामागे तिला त्या माणसाची एक आठवण कायमची द्यावी लागते, असं करून पाहा. आणि आईबद्दल तिच्याकडे अशा किती आठवणी उरल्या आहेत, ते आधी मोजा. प्रकरण झालं की पाठवा, मी नक्की वाचेन.