जुन्या चित्रपटांची फेरतपासणी : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

ज्या चित्रपटांनी आपल्याला लहानपणी पोट धरून हसवले, त्यांच्याकडून आता जाब घेण्याची वेळ आली आहे असे आपणास वाटू लागले असेल, तर आपण योग्य वयास पोहोचला आहात. या वयात मित्र पांगलेले असतात. एक डोंबिवलीस असतो, एक पुण्यास, एक मस्कतला, आणि आपण स्वतः देवगड तालुक्यातील एखाद्या वाडीत वडिलार्जित कलमांची राखण करीत असता. शनिवारी रात्री सर्वांनी व्हिडिओ कॉलवर जमावे, आपापल्या पडद्यावर एकच जुना चित्रपट एकाच क्षणी सुरू करावा आणि तो आजच्या काळात टिकतो की नाही याचा निकाल लावावा. या उपक्रमास खर्च फारसा येत नाही, आणि आपण किती सुधारलो हे चारचौघांत सिद्ध करण्याचा इतका बैठा मार्ग दुसरा नाही.

चित्रपट निवडताना डोके शिणवू नये. १९८५ चा ‘धूमधडाका’, १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ किंवा १९९३ चा ‘झपाटलेला’ यांपैकी काहीही चालेल, कारण हे तिन्ही सर्वांना पाठ असतात आणि पाठ असलेल्या चित्रपटाकडे न पाहताही त्याच्यावर बोलता येते. ‘सामना’ किंवा ‘उंबरठा’ यांच्या वाटेस मात्र जाऊ नये. ते आपण तेव्हाही पाहिले नव्हते, आणि आज ते टिकलेले निघाले तर बोलायचे काय, अशी पंचाईत होईल.

खरी मेहनत ‘एकाच क्षणी’ या अटीत आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा सुटला की लाईट जाते, लाईट गेली की वायफाय जाते, आणि मोबाईलची रेंज घरात नसून विहिरीच्या कठड्यावर किंवा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असते. अशा वेळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छत्री खांद्याला अडकवून, बॅटरीच्या उजेडात पाय जपत सड्यावर जावे आणि कातळावर उभे राहून ‘तीन, दोन, एक’ अशी आरोळी ठोकावी. ती इतरांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचेल. डोंबिवलीकर दोन सेकंद आधी हसेल, पुणेकर चार सेकंद उशिरा, आणि प्रत्येक विनोद आपणास तीन हप्त्यांत मिळेल. मस्कतच्या मित्राचे घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे तो तेव्हा जेवत असतो. त्यातच फोनमधून आपल्याकडच्या बेडकांचा आवाज त्याच्या कानी पडला, की तो चित्रपट सोडून भातलावणी झाली का, पऱ्ह्याला म्हणजे ओढ्याला पाणी किती आले, असल्या चौकशा करू लागतो. त्यास सौम्य शब्दांत समज द्यावी, कारण आपण येथे गंभीर कामासाठी जमलो आहोत.

एकाने लावावा आणि बाकीच्यांनी त्याचाच पडदा पाहावा, अशी युक्ती कोणीतरी सुचवीलच. ती अवश्य करून पाहावी. पैसे भरून चित्रपट दाखवणारी बहुतेक ॲप्स नक्कल होऊ नये म्हणून अशा वेळी चित्राच्या जागी काळा चौकोन पाठवतात, त्यामुळे आवाज ऐकत अंधाराकडे पाहण्याचा अनुभव मिळतो. लाईट गेलेल्या वाडीत तो निराळा वाटत नाही. दुसरी अडचण प्रतींची आहे. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे धावत, तर आपल्याकडच्या दूरदर्शन आणि व्हिडिओच्या पाल पद्धतीत २५. त्यामुळे जुन्या कॅसेटवरून उतरवलेली प्रत सुमारे ४ टक्के वेगाने पळते आणि अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपवते. पुणेकराकडे स्वच्छ केलेली नवी प्रत असते आणि आपल्याकडे कोणीतरी यूट्यूबवर चढवलेली कॅसेटची, जिच्यात पात्रांचे आवाज किंचित बारीक येतात आणि ऐन प्रसंगात साबणाची जाहिरात घुसते. मध्यंतरापर्यंत आपण मित्राच्या तीन मिनिटे पुढे गेलेले असता. ही वेळ वाया न घालवता पुढे काय घडणार हे त्याला सांगत राहावे. त्यालाही ते पाठच असते, पण चिडायचे म्हणून तो चिडेल.

पहिल्या पाच मिनिटांत एक सदस्य चित्रपट थांबवावयास लावून मूळ कशात आहे ते सांगतो. असा एक प्रत्येक मंडळात लागतोच. आपल्या मंडळात नसल्यास ती जागा आपण स्वतः घ्यावी. ‘बनवाबनवी’ १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून आला, ‘धूमधडाका’ त्याच वर्षीच्या ‘प्यार किये जा’वरून आणि तोही १९६४ च्या एका तमिळ चित्रपटावरून, ही माहिती अशा आवाजात द्यावी की जणू आपण ती चोरी आजच पकडली आहे. त्यानंतर ‘पिंजरा’सारख्या गाजलेल्या चित्रपटामागेही १९३० चा ‘द ब्ल्यू एंजल’ हा जर्मन चित्रपट आहे हे सांगितले, की मंडळात थोडा वेळ शांतता पसरते आणि कोणाच्या तरी घरातील कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येते.

आता दोषांकडे वळावे. दोष शोधणे अवघड नाही. नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिला भर रस्त्यात छळतो, आणि दुसऱ्या गाण्यात ती त्याच्या प्रेमात पडते, हे एवढ्या चित्रपटांत आहे की त्यासाठी वहीत स्वतंत्र रकाना आखून ठेवावा. मात्र हेच पाहून कॉलेजात असताना आपल्यापैकी कोण कोणाच्या एसटीमागे सायकल दामटत गेला होता, हा विषय निघू देऊ नये. ‘बनवाबनवी’त बायकी वेषावर केलेले विनोद आज चालतील का, यावर एक तास सहज निघतो. त्यातील घरमालकीण फक्त लग्न झालेल्या जोडप्यांनाच खोली देते, आणि अविवाहित मुलांची ती अडचण मुंबई-पुण्यात आजही तशीच आहे. अर्थात हा टिकाऊपणा चित्रपटाच्या गुणांत धरू नये, तो घरमालकांच्या खाती मांडावा.

सर्वांत नाजूक बाब मालवणीची. जुन्या चित्रपटांत गडी किंवा हवालदार असला की तो पुष्कळदा आपली बोली बोलत असे, आणि तो तोंड उघडताच पुण्याचा मित्र आपल्या वतीने दुखावतो. ज्या वाडीने ‘वस्त्रहरण’ नाटकातील मालवणीवर लोटपोट हसून घेतले, आणि ज्या नाटकाचे १९८० पासून पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, त्या वाडीस आपला अपमान झाल्याचे त्याच्याकडूनच कळते. त्याची दिलगिरी आपण तालुक्याच्या वतीने स्वीकारावी. आपणास तो गडीच अधिक आवडतो, हे मात्र बोलून दाखवू नये, नाहीतर आपलेच प्रबोधन सुरू होते.

लाईट असलेल्या रात्री घरात बसून पाहत असाल तर मागे फणसाच्या आठळ्या सोलत बसलेल्या आत्याकडे लक्ष ठेवावे. तिला तपासणीचे नियम ठाऊक नसल्यामुळे ती नको तेथे हसते आणि मध्येच पडद्याकडे बोट करून विचारते, ‘‘ह्यो पण गेलो मां रे झिला?’’ लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ राय २००४ साली गेले, सुधीर जोशी २००५ साली. ‘बनवाबनवी’ पाहताना हा प्रश्न ती तीनदा विचारते, चारही चौकटींतील मंडळी गप्प होतात, आणि वहीत यासाठी रकाना नसतो. अशा वेळी आवाज बंद करून ठेवण्याची सोय कॉलमध्ये आहे, ती वापरावी.

‘श्यामची आई’ या तपासणीतून मुक्त आहे. १९५३ चा तो चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी, आणि साने गुरुजींचे पालगड आपल्याच कोकणातल्या दापोली तालुक्यातले. आईच्या हातचा मार आजच्या नियमांत बसतो का, असे कोणी विचारल्यास रेंज गेल्याचे नाटक करावे. येथे त्यावर कोणीही विश्वास ठेवतो.

निकाल सुनावताना ‘त्या काळाच्या मानाने बरा’ हा शब्दप्रयोग हाताशी ठेवावा. स्वतःचा आवडता चित्रपट असेल तर या वाक्याने तो पास होतो, आणि दुसऱ्याचा असेल तर त्याच वाक्याने नापास होतो; फक्त ‘बरा’ म्हणताना स्वर बदलावा लागतो.

गणपतीला सगळेच गावी येतात. तेव्हा कोणीतरी मखराशेजारच्या टीव्हीवर यांतलाच एखादा चित्रपट लावण्याची शक्यता असते, म्हणून आधीच दक्षता घ्यावी. एका खोलीत, एका टीव्हीसमोर, एकाच प्रतीवर सगळे एका क्षणी हसतात, कोणी कोणाच्या पुढे-मागे राहत नाही, आणि शनिवारच्या रात्री जागून भरलेल्या वहीतील एकही आक्षेप तेथे ऐकून घेतला जात नाही. तेवढे दिवस रिमोट लहान मुलांच्या हाती द्यावा, त्यांना कार्टून लावून द्यावे, आणि आपण मित्रांसह खळ्यात, म्हणजे अंगणात, पत्ते कुटावेत. तपासणीचे काम विसर्जन होऊन गाड्या मुंबईस परतल्यावर, ज्याने त्याने आपल्या गावी पोहोचून पुन्हा सुरू करावे.