अदलाबदलीचा आकडा झाकून का ठेवायचा?

जून २०२५ संपता संपता टोरोंटोच्या मेपल लीफ्सनी मिच मार्नरला व्हेगासकडे धाडलं आणि बदल्यात निकोलस रॉय नावाचा एक बऱ्यापैकी खेळाडू घेतला. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगची. धनराज पिल्लेची नव्हे. मार्नर आमच्या शेजारच्या मार्कहमचा मुलगा. २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या क्रमांकावर लीफ्सनी उचललेला, सलग नऊ मोसम इथेच खेळलेला. व्हेगासकडे जाताना त्याचा करार झाला आठ वर्षांचा, एकूण ९ कोटी ६० लाख डॉलरचा. ठाण्याच्या मावसभावानं बातमी वाचून लगेच मेसेज टाकला, "ताई, आपल्याकडे असं झालं असतं तर पुतळे जाळले असते. तुमच्याकडची माणसं प्रोफेशनल."

पुतळ्यांचं सांगते. ९ ऑगस्ट १९८८ला एडमंटन संघाच्या मालकानं वेन ग्रेट्झकीला, म्हणजे या हॉकीतल्या तेंडुलकरला, लॉस एंजेलिसला दिलं. बदल्यात दोन तरुण खेळाडू, पुढच्या ड्राफ्टमधल्या तीन पहिल्या फेरीच्या निवडी आणि दीड कोटी डॉलर रोख. एडमंटनच्या लोकांनी मालक पीटर पॉकलिंग्टनचा पुतळा जाळला. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार नेल्सन रीस यांनी तर सरकारनं हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली. तेव्हा कॅनडातले लोक थंड डोक्याचे वगैरे काही नाहीत. मार्नरच्या नावानंही इथे कमी बोटं मोडली गेली नाहीत; १९६७ पासून करंडक न बघितलेल्या शहरात राग काढायला कोणीतरी लागतंच.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. जेवणाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसातला एक गोदाम सांभाळणारा माणूस मला हा व्यवहार समजावून सांगत होता. मार्नरचा करार ३० जूनला संपत होता, दुसऱ्या दिवशी तो मोकळा. तेव्हाच्या नियमानं स्वतःच्या खेळाडूला संघ आठ वर्षांचा करार देऊ शकत होता, बाहेरचा संघ सातच वर्षांचा. म्हणून करार टोरोंटोनं केला आणि मग तो करारासकट व्हेगासला दिला. म्हणजे रॉय ही मार्नरची किंमत नव्हतीच, ती त्या आठव्या वर्षाची किंमत होती. टोरोंटोच्या पदरात नाहीतर शून्य पडणार होतं. पुढे त्यानं हेही सांगितलं की मोसमाची पगारमर्यादा, म्हणजे एका संघानं सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायची कमाल रक्कम, साडेनऊ कोटी डॉलरच्या थोडी वर, व्हेगासकडे मार्नर त्यातले वर्षाला एक कोटी वीस लाख खाणार, आणि तो गेल्यामुळे टोरोंटोच्या हातात आता किती मोकळे राहिले. हा माणूस पत्रकार नाही, सट्टाही लावत नाही. त्याला हे ठाऊक आहे कारण ते कुणालाही ठाऊक होऊ शकतं.

पूर्वी तसं नव्हतं. १९९०च्या सुमाराला खेळाडूंच्या संघटनेनंच पगार उघड करायचं ठरवलं आणि दुसऱ्याला किती मिळतं हे कळल्यावर सगळ्यांचेच पगार चढले. पुढे मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५चा अख्खा मोसम वाया गेला, त्यातून पगारमर्यादा आली आणि प्रत्येक कराराचा आकडा हा खेळाचाच भाग झाला. कॅपफ्रेंडली नावाची एक वेबसाइट हे सगळे करार मांडून ठेवायची. ती इतकी चोख होती की २०२४मध्ये वॉशिंग्टनच्या संघानं ती विकतच घेतली आणि लोकांसाठी बंद केली. त्या दिवशी ऑफिसात जे सुतक होतं ते एखादा सामना हरल्यावरही मी पाहिलेलं नाही.

आता घरचं बघा. नोव्हेंबर २०२३मध्ये आयपीएलचा हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू नाही, सगळा रोखीचा मामला. त्याचा १५ कोटींचा पगार सगळ्यांना माहीत, पण मुंबईनं गुजरातला वर किती मोजले ते कोणी सांगितलं नाही, आणि नियमानं सांगावंही लागत नाही. शंभर कोटींच्या वावड्या उठल्या. आता हा सौदा महाग की स्वस्त हे ठरवायचं कशावर? मग भांडण उरलं एकच: रोहितचा अपमान झाला की नाही. डिसेंबरात कर्णधारपद हार्दिककडे गेलं आणि २०२४च्या मोसमात वानखेडेवर, आपल्याच घरच्या मैदानावर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मुंबई तळाला, दहावी. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन मावश्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यातल्या एकीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

याच लोकांना नोव्हेंबर २०२५मध्ये बघायला हवं होतं. रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, संजू सॅमसन चेन्नईला. यात आकडे समोर होते: सॅमसन १८ कोटी, जडेजाचे १८ वरून १४, करन २ कोटी ४० लाख. निष्ठेचे गळे काढणारे तेव्हाही होते, पण ठाण्याचा तोच मावसभाऊ रात्री दीडला मला जडेजाचं वय ३६, सॅमसनचं ३१, यष्टिरक्षकाची जागा धोनीनंतर कोण भरणार, लिलावाला पर्समध्ये किती उरले, हे सगळं मांडून दाखवत होता. गोदामातला तो माणूस आणि हा, दोघांना एका टेबलावर बसवलं असतं तर सकाळ झाली असती. आकडा दिला की आपली माणसंही हिशेबानंच भांडतात.

हिशेब आला म्हणून शहाणपण येतंच असं नाही, हेही इथे राहून कळतं. जुलै २०२२मध्ये कॅल्गरीनं मॅथ्यू काचुकला फ्लोरिडाला दिलं आणि जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी विगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि एक पहिल्या फेरीची निवड घेतली. ह्युबर्डो नुकताच ११५ गुणांचा (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मोसम खेळला होता, काचुकचे १०४. कागदावर कॅल्गरीनं बाजी मारली असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पुढच्या मोसमात ह्युबर्डो ५५वर आला. फ्लोरिडानं २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन करंडक नेले.

आणि एक गोष्ट मला इथली अजून पचलेली नाही. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. एनएचएलमध्ये नकाराधिकार करारात लिहून घ्यावा लागतो, आणि साधारण वयाची सत्तावीस वर्षं किंवा सात मोसम, यातलं एक तरी पूर्ण झाल्याशिवाय तो लागूच होत नाही. तेवीस वर्षांच्या पोराला दुपारी फोन येतो आणि आठवड्याच्या आत तो तीन हजार किलोमीटरवर नवीन घर शोधत असतो. यावर इथे कोणी चकार शब्द काढत नाही. चर्चा फक्त त्याच्या बदल्यात दुसऱ्या फेरीची निवड मिळाली की तिसऱ्या फेरीची, याची. बाजारात ढोबळी मिरची निवडावी तसं चालतं. या बाबतीत आयपीएल पुढे आहे आणि तिनं पुढेच राहावं.

पण संमती राखूनही आकडा उघड करता येतो. पगार जाहीर, लिलाव थेट टीव्हीवर, मग दोन संघांमधला रोखीचा व्यवहारच तेवढा गुलदस्त्यात कशाला? त्यातला काही वाटा खेळाडूलाही मिळू शकतो, म्हणजे तो त्याच्या कमाईचाच भाग झाला. मावसभावाचं म्हणणं, "ताई, आकडा कळला तर लोक आणखी शिव्या घालतील." घालू देत की. निदान त्या चेकवर सही करणाऱ्या मालकाला तरी पोचतील; आत्ता सगळ्या हार्दिकच्या वाट्याला आल्या.